शिवणयंत्राखालचा सर्व्हर

आमचा मीडिया सर्व्हर मिरजेला, माझ्या शिवणयंत्राखाली असतो. मुलाने मोडीत काढलेला डेस्कटॉप आणि त्यात एक मोठी हार्ड डिस्क. त्यावर बाबांच्या रियाजाच्या कॅसेटी, घरातल्या लग्नांच्या व्हीएचएस आणि भाचरांची बारशी आहेत. सगळं आमचंच, त्यामुळे कुणाच्या हक्कांना धक्का नाही. जेलिफिन हे मोफत सॉफ्टवेअर घातलं की घरातल्या वायफायवर टीव्ही, मोबाइल कुठेही ते दिसतं-ऐकू येतं. एवढं एका दुपारचं काम. पण धारवाडच्या ताईला तिच्या मोबाइलवर बाबांचा यमन ऐकायचा होता, आणि खरं प्रकरण तिथे सुरू झालं.

घराबाहेरून सर्व्हर गाठायचा तर त्याला इंटरनेटवरचा पत्ता हवा, आणि असे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत सुमारे 429 कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे 2011च्या फेब्रुवारीत वाटून संपले. मग इंटरनेट पुरवणाऱ्यांनी एकाच पत्त्यावर अनेक ग्राहक बसवायला सुरुवात केली. याला सीजीनॅट म्हणतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं दहा आणि दिंडीदरवाजा एक असायचा, तसंच हे. आतला माणूस बाहेर खुशाल जातो, पण बाहेरून आलेल्याला कुठल्या बिऱ्हाडाकडे पाठवायचं हे दारावर कुणालाच ठाऊक नसतं. आपल्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर आपणही त्यातलेच. अशा वेळी ‘राउटरमध्ये पोर्ट उघडा’ हा सर्रास मिळणारा सल्ला कुचकामी ठरतो, कारण पुढचा दरवाजा आपल्या ताब्यातच नसतो.

जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेता येतो. तरीही पोर्ट सताड उघडं ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. अशी उघडी दारं हुडकणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपास कंपनीत 2022 मध्ये चोरी झाली, तिचा एक माग थेट एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावरच्या मीडिया सॉफ्टवेअरपर्यंत गेला. त्यातलं भगदाड बुजवणारी आवृत्ती 2020 मध्येच आली होती. ती घातलेलीच नव्हती!

मी टेलस्केल वापरते. वायरगार्ड या तंत्रावर उभं असलेलं हे अ‍ॅप घरगुती वापराला फुकट आहे. ते सर्व्हरवर घातलं, ताईच्या मोबाइलवर घातलं आणि सर्व्हर तिच्या खात्याशी शेअर केला. दोन्ही यंत्रं आपापल्या घरातून बाहेर पडतात आणि एकमेकांना गाठतात. मधला सगळा मजकूर कुलूपबंद असतो, आणि राउटरमध्ये काहीही उघडावं लागत नाही. मग ताईच्या जेलिफिनमध्ये सर्व्हरचा नवा पत्ता आणि त्यापुढे 8096 हा आकडा घातला, झालं. थेट गाठ पडलीच नाही तर मधल्या एखाद्या सर्व्हरमार्फत काम चालतं, फक्त वेग घटतो. प्लेक्स हे दुसरं नावाजलेलं सॉफ्टवेअर जास्त सोपं आहे खरं, पण एप्रिल 2025 पासून बाहेरून व्हिडिओ पाहायला त्याला पैसे मोजावे लागतात.

वेगाबाबत एक गैरसमज फार आहे. महत्त्वाचा असतो तो आपल्या घराचा अपलोड. ताईचा डाउनलोड नंतर. डीव्हीडीच्या दर्जाच्या लग्नाच्या व्हिडिओला सेकंदाला फार तर दहा मेगाबिट लागतात, कॅसेटीला तर त्याचा किरकोळ अंश. ताईकडे रेंज कमी असेल तर ती जेलिफिनमध्ये दर्जा उतरवते आणि आमचा डेस्कटॉप चित्र तिथल्या तिथे बारीक करून पाठवतो. तेव्हा त्याचा पंखा असा घोंघावतो की शिवण बाजूला ठेवून मी चहा टाकते.

आता कटकटी. टेलस्केलची ओळख साधारणपणे 180 दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. सर्व्हरपुरती ही मुदत बंद करून ठेवावी. वीज जाऊन आली की संगणक आपोआप सुरू व्हावा, ही सोय त्याच्या बायोसमध्ये असते. राउटर यूपीएसवर हवाच. आणि सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. सगळ्याची प्रत असलेली दुसरी डिस्क दिवाळीला धारवाडला जायची आहे. त्याआधी ताईने माळ्यावरच्या तिच्या कॅसेटी काढून ठेवायच्या, असं ठरलंय.