संस्थेचे दप्तर आणि संगणक

धर्मादाय संस्थेची इमारत पडली तर पुन्हा बांधता येते. दप्तर गेले की गेलेच. देणगीदारांची नोंदवही, शिष्यवृत्तीचे हिशेब, सभांची इतिवृत्ते, जागेचे उतारे हे सारे आता स्कॅन होऊन संगणकात जात आहे. कागदाला लागलेली वाळवी निदान दिसते; हार्ड डिस्क मात्र सायंकाळपर्यंत चालून सकाळी मुकी होते.

मग टिकाऊ साधन कोणते? खरे पाहता एकही नाही. हार्ड डिस्क 5-6 वर्षांनी बदलावयाचीच. एसएसडी वेगवान खरी, पण तीत माहिती विद्युतभाराच्या रूपाने असते व वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवल्यास तो भार झिरपून जातो. घरी भरलेल्या सीडीचे रंगद्रव्य उन्हाने व उष्म्याने फिकटते. पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरताच बरा.

तेव्हा भर द्यावयाचा तो प्रतींवर. शके 1506 मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अनेक प्रती ताडून पाहता आल्या म्हणूनच! संगणकात हे ताडण्याचे काम ‘चेकसम’ करतो. फायलीवरून काढलेला हा आकडा एक अक्षर बदलले तरी बदलतो. वर्षातून एकदा तो जुळवून पाहावा.

प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि एक प्रत परगावी, असा नियम रूढ आहे. आपल्या भागात ‘परगाव’ जपून निवडावे. 2019 च्या ऑगस्टमध्ये निपाणीकडे वेदगंगा-दूधगंगेला महापूर आला, त्याच दिवसांत बेळगावच्या सखल वस्त्यांतही पाणी शिरले. म्हणून निपाणी व बेळगाव येथील प्रतींखेरीज तिसरी क्लाउडवर असावी. जोडून ठेवलेली डिस्क मात्र प्रतीत धरू नये. खंडणीखोर व्हायरस संगणकाबरोबर तिलाही कुलूप घालतो.

मराठी संस्थांची आणखी एक अडचण आहे. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटांत जुळवलेल्या स्मरणिका आज उघडल्या तर, तो फाँट नसल्यास, अगम्य चिन्हे दिसतात. फाइल शाबूत, मजकूर नाहीसा! असा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा व सोबत पीडीएफही ठेवावी.

क्लाउडचे खाते कोणा एका चिटणीसाच्या मोबाइलवर काढू नये. कार्यकारिणी बदलते, आणि ओटीपी जुन्याच चिटणीसांकडे जात राहतो.