दाबाखालचा घुमट

संपादकांची सूचना साधी होती: बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांची छपरे तोलून धरणाऱ्या ज्या पोलादी कैच्या दिसतात, त्यांची परीक्षा प्रयोगशाळेत कशी घेतात याविषयी लिहावे. कैचीची परीक्षा ही तशी सरळ गोष्ट. तिच्या प्रत्येक दांड्यात एक तर ताण असतो किंवा दाब. सांध्यांवर वजने टांगावीत, डायल गेजने लवण मोजावी आणि कागदावरचे गणित व गेजचा काटा यांचा मेळ बसतो की नाही ते पाहावे, इतके अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थीही करतात. परंतु या विषयाचे अहवाल चाळीत असता तारापूरच्या समुद्रकाठी उभारलेल्या एका काँक्रीटच्या प्रतिकृतीने माझे लक्ष असे काही वेधून घेतले की कैच्यांना मला मध्येच रजा द्यावी लागली.

तारापूर अणुवीज केंद्राचा दफ्तरी इतिहास थोडक्यात सांगता येतो. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. प्रत्येकी ५४० मेगावॉटची चौथी आणि तिसरी भट्टी अनुक्रमे २००५ आणि २००६ साली रुजू झाली, आणि त्यांच्यापायी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली मूळ जागा सोडावी लागली. या नव्या भट्ट्यांना दुहेरी आच्छादन आहे. आतले पूर्वताणित काँक्रीटचे, बाहेरचे साध्या सळयांच्या काँक्रीटचे. भट्टीतील नळ फुटून वाफ पसरली, तर तिला कोंडून धरणे हे आतल्या आच्छादनाचे मुख्य कर्तव्य. त्याचीच एक-चतुर्थांश मापाची प्रतिकृती भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूरला बांधली, तिला ‘बार्कोम’ असे नाव दिले, आणि ती बांधली ती आत हवा भरून निकामी करण्यासाठीच.

एवढी तसदी कशासाठी, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने कैगा आठवावे. कारवारच्या मुलखातील त्या अणुकेंद्राच्या पहिल्या भट्टीवरील घुमट, बांधकाम चालू असतानाच, १३ मे १९९४ रोजी आतून सुटला आणि त्याचा खालचा थर कोसळला. पूर्वताणित घुमटात पोलादी केबली ताणून काँक्रीटला आधीच आवळून ठेवतात. परंतु वक्र मार्गाने जाणारी ताणलेली केबल आपल्या खालच्या काँक्रीटला आत रेटीत असते, आणि घुमटाच्या जाडीतून त्याचे दोन पापुद्रे करू पाहणारा एक ताण उत्पन्न होतो, जो बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीस कधीच पडत नाही.

प्रतिकृतीचे गणित मोठे चमत्कारिक आहे. त्रिज्या आणि जाडी दोन्ही चौपटीने घटल्यामुळे, तितक्याच दाबाला भिंतीतील ताण मूळ इमारतीइतकाच येतो; आत कोंडलेली हवा मात्र चौसष्टाव्या हिश्शाइतकी, आणि स्वतःच्या वजनाने भिंतीत येणारा ताण चौथ्या हिश्शाइतकाच. आराखड्यातील दाब ०.१४१३ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मीटरवर चौदा टनांहून अधिक. आणि परीक्षा सुरू होते ती या दाबाच्या पलीकडे.

या परीक्षेत भिंतीच्या पोटात काय चालले आहे हे सांगणारी जी शेकडो उपकरणे बसवली, त्यांत मला भुरळ घातली ती कंपनशील तारेच्या स्ट्रेन गेजने. काँक्रीट ओतण्यापूर्वी एक लहानशी नळी सळयांच्या जाळ्यात बांधून ठेवतात. नळीत दोन्ही टोकांना पक्की केलेली एक पोलादी तार ताणलेली असते, आणि काँक्रीट घट्ट झाले की ती जन्मभराची आत गाडली जाते. बाहेरून विद्युतप्रवाहाचा झटका दिला की शेजारचे विद्युतचुंबक तिला छेडते, ती तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते, आणि तेच चुंबक तिची कंपनसंख्या ऐकून बाहेर कळवते. भिंत ताणली की नळीची टोके दुरावतात, तार आवळते, स्वर चढतो. कंपनसंख्येचा वर्ग तारेतील ताणाच्या प्रमाणात असल्याने स्वरावरून भिंतीची वाढ थेट काढता येते. विद्युतरोधाच्या गेजची तऱ्हा निराळी: १२० ओहमच्या पट्टीवर लांबीत दशलक्षांश फरक पडला, तर रोध बदलतो अवघा ०.०००२४ ओहम, आणि लांब वायरी, ओल वा उष्मा यांपैकी कोणीही एवढी नोंद खोटी पाडू शकते. कंपनसंख्या मात्र वायर कितीही लांब असली तरी बदलत नाही. तारेची ही निष्ठा मला फार आवडली.

प्रयोगकर्त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला उपकरणांहूनही धाडसाची वाटते. निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी पैजेचा विडा उचलावा, पहिला तडा कोठे जाईल, सळई कोणत्या दाबाला हार मानील, केबल केव्हा, याची भाकिते आधीच दाखल करावीत, असे आवाहन झाले. जानेवारी २००९ मध्ये ती तपासली गेली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिली. निकाल हाती आल्यावर गणित जुळवणारे विद्वान पुष्कळ भेटतात. आधी लेखी देणारे थोडे.

त्याच्या पुढच्याच महिन्यात जपानात फुकुशिमा घडले. तेथील भट्ट्यांची आच्छादने आराखड्याबाहेरच्या दाबाखाली सापडली, आणि ती फुटण्याआधीच गळू लागतात की काय, हा प्रश्न अहवालाच्या पानांतून वर्तमानपत्रांत आला. प्रयोगशाळांना तो ठाऊक होता. अमेरिकेतील सँडिया येथे जपानच्या ओही केंद्राच्या आच्छादनाची अशीच एक-चतुर्थांश प्रतिकृती सप्टेंबर २००० मध्ये फुगवली, तेव्हा पोलादी अस्तर फाटून वायू असा निसटू लागला की आराखड्याच्या सुमारे ३.३ पटीपुढे दाब चढेना. आतून नवे अस्तर देऊन, ती बव्हंशी पाण्याने भरून, पुढल्या वर्षी फोडावी लागली, आणि ती ३.६ पटीला फुटली.

बार्कोमला तर असे पोलादी अस्तरच नाही, कारण मूळ आच्छादनालाही ते नाही. तेव्हा येथे ‘निकामी’ याचा अर्थ कोसळणे असा नसून, तड्यांतून हवा भरण्याच्या वेगाने हवा निसटणे असाच बहुधा घ्यावा लागतो. आणि तडा काही सर्वत्र सारखा जात नाही, तो वाफजनित्रांसाठी आणि माणसांच्या ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या द्वारांभोवती, जेथे केबलींना वाट वाकडी करावी लागते, तेथे आधी डोके वर काढू पाहतो. दुसरी अडचण काळाची. प्रतिकृती काही वर्षांतच दाबाखाली येते. मूळ घुमटातील काँक्रीट दशकानुदशके आक्रसत राहते आणि केबली हळूहळू सैलावतात. या केबलींच्या नळ्या सिमेंटच्या रसाने बुजवलेल्या असल्यामुळे उरलेला ताण टोकाशी ओढून मोजण्याची सोयही नाही. गाडलेल्या गेजांवरून तो ताडावा लागतो.

काक्रापार अणुवीज केंद्रात २०२० साली प्रथम प्रज्वलित झालेल्या ७०० मेगावॉटच्या भट्टीत आतल्या आच्छादनाला पोलादी अस्तर दिलेले आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत मात्र हवा अडवण्याचे काम काँक्रीटचेच, आणि ते अजून नीट होते आहे की नाही याचा दाखला ठरावीक काळाने आच्छादनात हवा भरून, गळती मोजूनच घेतला जातो.