तीन गल्ल्यांचे युद्ध आणि एक कॉर्पोरल

एका गल्लीत उपाशी लोकांना धान्य वाटायचे, पुढच्या गल्लीत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन टोळ्यांना थोपवून धरायचे आणि तिसऱ्या गल्लीत निकराने लढायचे. हे सारे एकाच दिवशी, एकाच तुकडीने. अमेरिकेच्या मरीन कोअरचे तेव्हाचे प्रमुख जनरल चार्ल्स क्रुलाक यांनी १९९७ मध्ये उद्याच्या युद्धाचे हे चित्र मांडले. ‘थ्री ब्लॉक वॉर’ हे त्याचे नाव लष्करी वर्तुळात पाहता पाहता रूढ झाले.

सोमालियाची जखम तेव्हा ताजी होती. दुष्काळग्रस्तांपर्यंत मदत पोहोचवायला गेलेली फौज मोगादिशूच्या रस्त्यांवर लढाईत ओढली गेली. ३ आणि ४ ऑक्टोबर १९९३ च्या चकमकीत १८ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्यांच्यातल्या एकाच्या मृतदेहाची विटंबना अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिली आणि काही महिन्यांत फौज माघारी आली.

१९९९ मध्ये क्रुलाक यांनी या कल्पनेच्या केंद्रस्थानी माणूस आणला. त्यांच्या लेखातला काल्पनिक कॉर्पोरल हर्नांडेझ नाक्यावर उभा आहे. जमाव खवळतो आहे, समोर कॅमेरा आहे आणि निर्णय त्यालाच घ्यायचा आहे. कॉर्पोरल म्हणजे आपल्या सैन्यातल्या नाईकाच्या तोडीचा हुद्दा. हाताखाली मूठभर जवान, पण त्याच्या एका चुकीने साऱ्या मोहिमेवर पाणी फिरू शकते. म्हणून तो ‘स्ट्रॅटेजिक कॉर्पोरल’.

या विचारातले बळ इराक युद्धात, नजफ शहरात दिसले. ३ एप्रिल २००३ रोजी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनची एक तुकडी शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांच्या भेटीसाठी निघाली होती. सैनिक इमाम अलींच्या पवित्र दर्ग्यात घुसणार, अशा समजुतीने जमावाने वाट अडवली. लेफ्टनंट कर्नल ख्रिस ह्यूज यांनी हुकूम दिला: गुडघा टेका, बंदुकीच्या नळ्या जमिनीकडे करा, हसा. मग त्यांनी तुकडी मागे घेतली. रक्त सांडले नाही. हुकूम अधिकाऱ्याचा होता हे खरे. पण बोट चापावर असताना तो पाळणारा प्रत्येक जवान त्या क्षणी मोहिमेचे भवितव्य हातात घेऊन उभा होता.

हदिथात याच्या नेमके उलटे घडले. १९ नोव्हेंबर २००५ रोजी रस्त्यालगतच्या स्फोटात एक मरीन ठार झाला. त्यानंतर त्याच्या सहकाऱ्यांनी २४ इराकी नागरिकांना मारले. त्यांत बायकामुलेही होती. १५ नागरिक स्फोटातच दगावले, असे लष्कराने आधी सांगितले. मार्च २००६ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ते उघडे पाडले. पुढे खटले चालले, पण हत्येसाठी कुणीही तुरुंगात गेले नाही.

हदिथातले सैनिक क्रुलाक यांच्याच मरीन कोअरचे होते. मग त्यांची कल्पना खोटी ठरली का? माझ्या मते नाही. शब्दप्रयोगाआधीच, १९९६ मध्ये, त्यांनी नव्या भरतीसाठी ‘क्रुसिबल’ ही ५४ तासांची कसोटी सुरू केली होती. अपुरी झोप, अपुरे अन्न आणि त्याही अवस्थेत एकमेकांच्या साथीने घेतलेले निर्णय! विवेकालाही कवायत लागते, हे त्यांनी ओळखले होते. मात्र एकदाची कसोटी पुरत नाही. माणसे गमावून थकलेल्या तुकडीवर वरिष्ठांचे रोजचे लक्ष लागते आणि चूक झाकणाऱ्यालाही जाब विचारावा लागतो.

त्या काळात असे शब्दप्रयोग उदंड झाले. ‘शॉक अँड ऑ’ने प्रचंड माऱ्यातून शत्रूचे मनोधैर्य खचवण्याचे आश्वासन दिले. आपल्या प्रत्येक कृतीचा शत्रूवर काय परिणाम होईल याचे गणित आधीच मांडू पाहणारी ‘इफेक्ट्स-बेस्ड ऑपरेशन्स’ ही पद्धत २००८ मध्ये जनरल जेम्स मॅटिस यांनी आपल्या कमांडपुरती मोडीत काढली. युद्धातली माणसे अशा गणितात बसत नाहीत, हा त्यांचा आक्षेप रास्त होता.

म्हणून कोणत्याही नव्या लष्करी घोषवाक्याला एकच प्रश्न विचारावा: नाक्यावरच्या जवानाला यातून काय मिळाले? जबाबदारी खाली ढकलताना प्रशिक्षण, अधिकार आणि सत्य सांगण्याचे संरक्षणही त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. ते पोहोचले नाही, तर त्याची किंमत तो जवान मोजतो आणि त्याच्या बंदुकीसमोर उभे असलेले निरपराध लोक मोजतात.