आवाज येतो, चित्र येत नाही : लिनक्सवरील कोडेकची अडचण



संगणक कक्षातून एक तक्रार वरचेवर येते. रावेरकडच्या नातेवाइकांनी पेन ड्राइव्हमध्ये भरून दिलेला मराठीतला विज्ञानाचा पाठ उघडावा, तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. कधी चित्र हलते पण आवाज नसतो. कधी "आवश्यक प्लगइन नाही" असा निरोप येऊन काम तिथेच थांबते. मग निष्कर्ष तयारच असतो : लिनक्स कामाचे नाही, ते पुसून कुठली तरी विंडोजची बनावट प्रत टाकावी. काही पालकांनी हा सल्ला सद्भावनेने आम्हांस दिलाही आहे. पण दुखणे कुठे आहे हे न पाहता ऑपरेशन करू नये. या तक्रारीत बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असते, त्यात एक लहानसा कार्यक्रम तेवढा नसतो. त्याचे नाव कोडेक.

कोडेक कशासाठी लागतो, हे आधी गणिताने पाहू. 1280 गुणिले 720 ठिपक्यांचे एक चित्र म्हणजे 9,21,600 ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी 3 बाइट आणि सेकंदाला 25 चित्रे धरली, तर एका सेकंदाला सुमारे 69 एमबी आणि दहा मिनिटांच्या पाठाला 41 जीबीहून जास्त जागा लागेल. 32 जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये एक पाठसुद्धा मावणार नाही. म्हणून चित्र आणि आवाज विशिष्ट पद्धतीने दाबून लहान करतात आणि पाहताना पुन्हा उलगडतात. दाबणाऱ्या व उलगडणाऱ्या या कार्यक्रमाला कोडेक म्हणायचे. नववी-दहावीच्या मुलांनी वरचा गुणाकार स्वतः करून पाहावा, विश्वास बसेल.

दुसरी गोष्ट, जिथे पुष्कळांचा घोटाळा होतो. फाइलच्या नावामागे एमपीफोर किंवा एमकेव्ही असते, तो कोडेक नव्हे. तो नुसता लिफाफा. आपल्याकडे जुन्या घरांतून मोडी लिपीतले कागद निघतात. लिफाफा कुणीही उघडेल, पण आतला मजकूर वाचायला मोडी येणारा माणूसच लागतो. तसेच एमपीफोरच्या लिफाफ्यात चित्र बहुधा एच.264 या पद्धतीने आणि आवाज एएसी या पद्धतीने भरलेला असतो. एक वाचता आला आणि दुसरा नाही, की आवाज आहे व चित्र नाही अशी अवस्था होते. एकाच नावाच्या दोन फाइलींपैकी एक चालते, दुसरी चालत नाही, त्याचेही कारण हेच. नव्या मोबाइलवर घेतलेले चित्रण पुष्कळदा एच.265 मध्ये असते.

आता प्रश्न असा, की लिनक्स बनविणाऱ्यांनी हे कोडेक आधीच का घातले नाहीत? आळसाने नव्हे. एच.264 ही पद्धत 2003 साली प्रमाणित झाली आणि तिच्यातील युक्त्यांवर अनेक कंपन्यांचे पेटंट होते. फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रणालीने त्याचे शुल्क कुणाच्या खिशातून भरावे? एमपीथ्रीची अडचणही तीच होती. तिचा परवाना-व्यवहार जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने 2017 मध्ये बंद केला तेव्हा तो अडसर गेला. आपल्या देशाचा पेटंट कायदा यात वेगळा आहे. 1970 च्या कायद्याचे कलम 3(के) निव्वळ संगणक कार्यक्रमाला पेटंटयोग्य शोध मानत नाही. डिसेंबर 2004 च्या वटहुकुमाने हे कलम सैल केले होते, पण 2005 च्या कायद्यात संसदेने तो बदल ठेवला नाही. तरी लिनक्सची तबकडी साऱ्या जगासाठी एकच निघते, म्हणून बनविणारे सावध राहतात आणि कोडेक वेगळ्या कप्प्यात ठेवतात. आमच्या मते हा सरळपणा आहे, दोष नव्हे.

कप्प्यांची नावे मजेदार आहेत. उबंटूसोबत येणारा प्लेयर ज्या जीस्ट्रीमर व्यवस्थेवर चालतो, तिच्या प्लगइनचे गठ्ठे "गुड", "बॅड" आणि "अग्ली" असे आहेत. 1966 च्या एका प्रसिद्ध इटालियन चित्रपटावरून ही नावे पडली. "अग्ली" म्हणजे काम उत्तम, पण परवान्याची कटकट असू शकते. "बॅड" म्हणजे अजून पुरती पारख न झालेले.

तपासणीचा क्रम आम्ही असा ठरविला आहे. आधी तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर किंवा मोबाइलवर चालवून पाहावी. तिथेही अडली तर कॉपी अर्धवट झाली असेल, पुन्हा कॉपी करावी. दुसरीकडे चालली तर येथे ती वीएलसीमध्ये उघडावी. हा प्लेयर पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाला आणि चित्र उलगडण्यासाठी तो जीस्ट्रीमरवर विसंबत नाही. वीएलसीत चालले व नेहमीच्या प्लेयरमध्ये नाही, तर प्लगइन नाहीत हे नक्की समजावे. वीएलसीतच "टूल्स"मधील "कोडेक इन्फॉर्मेशन" उघडले की आत कोणती पद्धत आहे ते लिहिलेले दिसते.

उपाय सोपा आहे. उबंटूत "सॉफ्टवेअर अँड अपडेट्स"मध्ये मल्टिवर्स या खान्यावर खूण असावी, आणि मग उबंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज नावाचा गठ्ठा बसवावा. आज्ञेचे पूर्ण स्पेलिंग कक्षातील फलकावर लावले आहे. मध्येच अक्षरांच्या (फॉन्टच्या) परवान्याचा एक पडदा येतो व तिथे माउस चालत नाही. पुष्कळ जण यंत्र अडकले समजून वीज बंद करतात. तसे मुळीच करू नये. टॅब दाबून "ओके"वर यावे आणि एंटर दाबावे. नव्याने उबंटू टाकताना तर अतिरिक्त मीडिया प्रकारांच्या चौकटीत खूण केली की पुढचा त्रासच वाचतो. लिनक्स मिंटनेही 2016 पासून कोडेक सोबत देणे थांबविले, तेथे ते स्वागताच्या पडद्यावरून एका क्लिकमध्ये बसतात.

आमच्या भागाची खरी अडचण इंटरनेटची. सगळ्या यंत्रांना ते मिळत नाही. म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एका यंत्रात गठ्ठे उतरवून घ्यावेत व पेन ड्राइव्हने इतर यंत्रांत न्यावेत. मात्र सर्व यंत्रांवर उबंटूची आवृत्ती एकच पाहिजे. शिवाय यासाठी एक्स्ट्राज हा मोठा गठ्ठा घेऊ नये, कारण त्यातील अक्षरे बसतेवेळी इंटरनेटवरूनच येतात आणि काम मध्येच थांबते. "बॅड", "अग्ली" आणि "लिबएव्ही" हे तीन प्लगइन, त्यांना लागणाऱ्या इतर फाइलींसह, पुरे होतात.

कोडेक असूनही चित्र अडखळत असेल तर ती बाब निराळी. जुन्या प्रोसेसरला एच.265 झेपत नाही. अशा वेळी हँडब्रेक या मोफत कार्यक्रमाने फाइल एच.264 मध्ये, 720 च्या आकारात बदलून घ्यावी. ज्यांना लिनक्स मुळापासून शिकायचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले पाठही आहेत. त्यांतील अनेक पाठ ऑग थिओरा या खुल्या पद्धतीत निघाले. ती पद्धत मोबाइलने ओळखली नाही तर घाबरू नये, तिथेही वीएलसी टाकावे.

विश्वस्त मंडळींसाठी दोन शब्द. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि आमच्या कक्षातील जुनी यंत्रे विंडोज 11 साठी पात्र नाहीत. बनावट प्रतीत विषाणू कोणता येईल याची हमी कोणी देत नाही, आणि शाळेच्या मालमत्ता नोंदवहीत तिची नोंद आम्ही कोणत्या तोंडाने करावी? कोडेकचा खर्च शून्य रुपये आहे, एका दुपारचा डेटा सोडून.

यापुढे तक्रार आणताना "चालत नाही" एवढेच न लिहिता यंत्राचा क्रमांक, फाइलचे पूर्ण नाव, आवाज व चित्र यांपैकी काय आले आणि पडद्यावरचा निरोप जसाच्या तसा वहीत उतरवावा. वही संगणक कक्षाच्या दाराशी टांगली आहे.