परिस्थितीची साक्ष : पुण्याचे दोन खटले

कोर्टाच्या आवारात एक वचन वारंवार कानी पडते : माणूस खोटे बोलेल, परिस्थिती खोटे बोलत नाही. आम्ही कायद्याचे पदवीधर नव्हे. कामगारांच्या चौकशा लढविता लढविता जे वाचले, तेवढीच आमची शिदोरी. पण या वचनाने आम्हांलाही बरेच दिवस चकविले. परिस्थिती खोटे बोलत नाही हे खरे. पण ती मुळी बोलतच नाही. तिच्या वतीने बोलतात ते तपासी अंमलदार आणि सरकारी वकील.

खून डोळ्यांनी पाहणारा कोणी नसला, म्हणजे आजूबाजूच्या गोष्टींवरून गुन्हा शाबीत करावा लागतो. मयत शेवटी कोणाबरोबर दिसला, मरणाने लाभ कोणाचा झाला, आरोपी मागाहून कसा वागला, इत्यादी. असा पुरावा हलक्या प्रतीचा, ही समजूत मात्र चुकीची आहे. पुण्याच्या डॉ. लागूंचा खटला पाहा. नोव्हेंबर १९५६ मध्ये लक्ष्मीबाई कर्वे या श्रीमंत विधवेला घेऊन ते रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाले. पहाटे बाई बेशुद्ध स्थितीत इस्पितळात दाखल झाल्या, त्याही खोट्या नावाने, आणि त्याच दिवशी वारल्या. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. पण पुढे बाईंच्या नावाने पत्रे येत राहिली, की आपण लग्न करून दूर गेलो आहोत. आणि इकडे इस्टेट डॉक्टरांच्या हाती जात राहिली. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली.

येथेच थोडे थांबले पाहिजे. निकाल एकमताचा नव्हता. न्या. दास व न्या. हिदायतुल्ला यांना जी साखळी पूर्ण दिसली, ती न्या. सरकार यांना दिसली नाही. मृत्यू अनैसर्गिकच होता हे सिद्ध झाले, असे त्यांना वाटले नाही. पुरावा एकच, कागद तेच.

दुसरा खटलाही पुण्याचाच. जून १९८२ मध्ये एक नवविवाहिता मृतावस्थेत आढळली. या वेळी विष सापडले, पोटॅशियम सायनाइड. सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुढे आली. खालच्या न्यायालयांनी त्यांत छळ वाचला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच पत्रांत खचलेले मन वाचले, आणि आत्महत्येची शक्यता उरते असे म्हटले. विष पतीजवळ होते, हे तर सरकार पक्षाला दाखविताच आले नाही. १९८४ मध्ये तो सुटला.

त्या निकालात न्या. फझल अली यांनी ज्या कसोट्या घालून दिल्या, त्या आजही खटल्याखटल्यांत सांगितल्या जातात. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे; ‘असेल’ चालणार नाही, ‘असलाच पाहिजे’ हवे. सगळे दुवे मिळून आरोपीच्या अपराधाकडेच बोट दाखवीत असले पाहिजेत, आणि निर्दोषपणाची दुसरी वाजवी उपपत्ती शिल्लक उरता कामा नये. यातील एक गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. आरोपी खोटे बोलला, एवढ्यावरून तुटलेली साखळी जोडली जात नाही. साखळी आधी पुरी असावी, मग खोटेपणा तिला बळकटी देईल. घाबरलेला निरपराधीही खोटे बोलतो. पोलिसांपुढे उभे राहिलेल्या कोणत्याही गिरणी कामगाराला विचारा.

आमच्याच एका फिटरवर पितळी सुटे भाग चोरल्याचा आळ आला होता. कोठारातून शेवटी तोच बाहेर पडला होता, आणि वेळेबद्दल तो खोटे बोलला होता. नोकरी गेली. पाच महिन्यांनी भाग मिळाले. दुसऱ्या खात्याच्या वहीत त्यांची नोंद झाली होती. त्याला कामावर परत घेतले, पाच महिन्यांचा पगारही भांडून मिळविला. खात्याच्या चौकशीला पुरावा थोडा पुरतो, खुनाच्या खटल्याला पुरत नाही, हा भेद आम्ही त्यानंतर शिकलो. तो खोटे का बोलला? त्या दिवशी पाळी संपण्याच्या आधीच तो आजारी मुलाकडे घरी गेला होता.