बीए, बीएएमएमसी की लिबरल आर्ट्स? फॉर्म भरण्याआधी हे ऐका

हेडफोन घरी विसरला असाल, किंवा सकाळच्या फास्टमध्ये हात वर काढून प्ले दाबायलाही जागा नसेल, तर हा भाग वाचूनच घ्या.

बारावीचा निकाल लागला की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घराघरात एकच संवाद होतो. मुलगी म्हणते, "मला मीडियात जायचंय." बाबा म्हणतात, "आर्ट्स घेऊन पुढे काय करणार?" दोघांचंही चुकत नाही. पण दोघांकडे माहिती अर्धीच असते.

आधी 'लिबरल आर्ट्स' या शब्दाचं बघू. हे काही चित्रकलेचं शिक्षण नाही. जुन्या युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व यांच्या जोडीला अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र असे सात विषय त्यात यायचे. एकाच विषयात अडकू नका, विचार करायला आणि मांडायला शिका, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या मुंबईला हे नवीन नाही. बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवायचे, अनेक भाषा जाणायचे, इतिहासात रमायचे. त्याच माणसानं ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' सुरू केलं. एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. म्हणजे मराठीतला पहिला पत्रकार गणिताचा मास्तर होता! कम्युनिकेशन शिकायचं तर आधी सांगण्यासारखं काहीतरी डोक्यात हवं, हे यावरून समजतं.

आता तुमच्यासमोरचे तीन रस्ते.

एक, साधं बीए. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र वगैरे. अनुदानित तुकडीत प्रवेश मिळाला तर सगळ्यांत स्वस्त.

दोन, बीएएमएमसी, म्हणजे पूर्वीचं बीएमएम. अंधेरीचं भवन्स, घाटकोपरचं झुनझुनवाला, मुलुंडचं वझे, अशा उपनगरातल्या कॉलेजांमुळे हा कोर्स आपल्या ओळखीचा झाला. त्यात पत्रकारिता, जाहिरात, कॅमेरा, प्रोजेक्ट सगळं येतं. पण हा कोर्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतो, त्यामुळे त्याच कॉलेजातल्या बीएपेक्षा फी बरीच जास्त.

तीन, खासगी विद्यापीठांमधलं लिबरल आर्ट्स. विषय निवडायची मोकळीक भरपूर, पण फी ऐकून बाबा खुर्चीत बसतात.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नवीन शैक्षणिक धोरणानंतर साध्या बीएमध्येही मेजर आणि मायनर आलंय. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा. त्याशिवाय दुसऱ्या शाखेतला एखादा ओपन इलेक्टिव्ह. म्हणजे लिबरल आर्ट्समधली थोडी मोकळीक आता शेजारच्या कॉलेजातही मिळू शकते. फक्त 'शकते' या शब्दाकडे लक्ष द्या. कागदावर पर्याय दहा असतात, पण शिकवायला प्राध्यापक दोनच असतात. म्हणून कॉलेजात जाऊन सरळ विचारा: या वर्षी कोणते मायनर प्रत्यक्षात सुरू आहेत?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. समजा पहिल्या वर्षानंतर घरची गाडी अडकली, फी भरणं जमेना, तर? पूर्वी याला 'कॉलेज सोडलं' म्हणायचे आणि हातात काहीच उरायचं नाही. आता एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स अशी पायऱ्यांची रचना आहे. पण नुसतं वर्ष पास होऊन सर्टिफिकेट मिळत नाही. त्या वर्षाच्या किमान ४० क्रेडिट्सवर आणखी ४ क्रेडिट्सचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. ते न करता निघालात तर हात रिकामेच. केलंत, तर तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. तुमची क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. त्यामुळे पहिल्याच महिन्यात तिथं खातं उघडा आणि निकालानंतर क्रेडिट्स जमा झालीत का ते मोबाईलवर तपासा.

आणि बाबांच्या प्रश्नाचं काय? खरं सांगायचं तर फक्त पदवीवर मीडियात कुणी नोकरी देत नाही, समोरचा विचारतो, "काम दाखव." त्यामुळे बीए करताना कॉलेजच्या अंकात लिहा, महोत्सवाची प्रेसनोट तयार करा, आपल्या वॉर्डातल्या नालेसफाईवर तीन मिनिटांचा व्हिडिओ करा. महाग कोर्स घेऊन हे केलं नाही तर फी वाया. स्वस्त कोर्स घेऊन हे केलं तर बाबांना दाखवायला काहीतरी असेल.

तर फॉर्म भरण्याआधी चार प्रश्न लिहून ठेवा: तुकडी अनुदानित आहे का? कोणते मायनर खरंच शिकवतात? इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं की आपली आपण शोधायची? आणि रोजचा प्रवास किती? घाटकोपरहून अंधेरी मेट्रोनं सोपं आहे, पण मुलुंडहून बोरिवली रोज करून बघा, मग बोलू!

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हा भाग आईबाबांनाही ऐकवा.