मासा मेला नाही म्हणजे पाणी चांगलं, असं नाही



पहिल्या मोठ्या पावसात घटप्रभेला गढूळ पाणी येतं. शेतातली फवारणीची औषधंही त्याच पाण्याबरोबर हिडकल जलाशयात उतरू शकतात. मासे मरून वर आले की आपण ओरड करतो. नाही मेले तर काही झालं नाही, असं समजून जाळी टाकतो. इथंच आपण चुकतो.

लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी मरळीच्या जातीतले लहान मासे क्लोरपायरीफॉस मिसळलेल्या पाण्यात ठेवून बघितले. उसात खोडकिडीला मारतात तेच हे औषध. मात्रा इतकी कमी ठेवली, की मासे मरू नयेत. मासे जगले, पण त्यांच्या रक्तातल्या आणि कल्ल्यांतल्या पेशींमधला डीएनए तुटलेला निघाला.

हे कळतं कसं? माशाच्या लाल रक्तपेशीत केंद्रक असतं, माणसाच्या नसतं. डीएनए तुटला की पेशीचं विभाजन होताना एखादा तुकडा मागे राहतो आणि केंद्रकाशेजारी बारीक ठिपका दिसतो. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली असे ठिपके मोजतात.

शरीर ही मोडतोड थोडीफार दुरुस्त करतं. पण परत परत औषध येत राहिलं तर उसंत कुठली? धक्का अंड्यांपर्यंत पोचला तर पिलं कमी निघू शकतात, व्यंगही येऊ शकतं. म्हणजे आजचं नुकसान पुढच्या हंगामात जाळ्यात दिसणार.

असा मासा खाल्ला की माणसाचा डीएनए तुटतो, असा याचा अर्थ नाही. तशा अफवा पसरवू नका. आपलाच बाजार बसेल.

आपल्या हातात काय आहे?

- आपल्यातल्या बऱ्याच जणांची शेतीही आहे. फवारणीचा पंप नदीत, ओढ्यात धुवू नका. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता.
- औषध टाकून मासे धरणं कुणीही करू नये.
- पहिल्या गढूळ पाण्यात मत्स्यबीज सोडू नका.
- मासे मेले तर खाऊ नका, विकू नका. लगेच स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी भरा, दोन-चार मासे बर्फात ठेवा, जागा आणि वेळ लिहून सोसायटीला कळवा. उशीर झाला की पुरावा वाहून जातो.

शेतकरी आपलेच आहेत, भांडून उपयोग नाही. हा मजकूर त्यांनाही वाचून दाखवा.